भागीदारांमधला वाद लवादाकडे नेताना : नोटिशीपासून निवाड्याच्या अंमलबजावणीपर्यंत

भागीदारी बिनसली की माणसं आधी भांडतात आणि मग हिशेब मागतात. तोवर वह्या एकाच्या ताब्यात गेलेल्या असतात, बँकेतली शिल्लक घटलेली असते, आणि ज्या कागदावर सगळं उभं राहणार तो भागीदारीपत्राचा कागद कुणालाच सापडत नसतो. लवादाची, म्हणजे न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून बंधनकारक निवाडा घेण्याची, प्रक्रिया दिवाणी दाव्यापेक्षा लवकर संपू शकते, ती गोपनीय राहते, आणि हिशेब कळणारा माणूस निवाडा द्यायला निवडता येतो. पण हे फायदे फक्त तयारीनिशी आलेल्याला मिळतात. माझं ठाम मत आहे की भागीदारांचा लवाद युक्तिवादावर कमी आणि पहिल्या महिन्यात गोळा केलेल्या कागदांवर जास्त जिंकला जातो. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

इथे विचार केला आहे तो भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ खाली चालणाऱ्या फर्मचा. प्रक्रिया चालते लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ प्रमाणे. या कायद्यात २०१५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्यामुळे जुन्या लेखांतल्या मुदतींवर विसंबू नका. तुमची एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: एलएलपी अधिनियम, २००८ च्या पहिल्या अनुसूचीत, करारानुसार न मिटलेला भागीदारांमधला वाद लवादाकडे जाईल अशी तरतूद आहे. करारात याविषयी वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा ती लागू पडते. साध्या फर्मला अशी आयती सोय नाही, तिथे लेखी करार लागतोच.

आधी कलम वाचा, शब्दन् शब्द

भागीदारीपत्र काढा आणि लवादाचं कलम शोधा. नुसता ‘लवाद’ हा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर (२००७) हे प्रकरण भागीदारीचंच होतं. वाद भागीदारांनी आपसात मिटवावा किंवा ‘पक्षांनी तसं ठरवल्यास’ लवादाकडे सोपवावा, अशा आशयाचं कलम तिथे होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा लवादाचा करारच नव्हे. पुढे कधीतरी ठरवू असं म्हणणारं कलम कुणालाही बांधत नाही. कलमातून वाद लवादाकडे जाईलच आणि त्याचा निवाडा बंधनकारक असेल, हे दोन्ही निघायला हवं.

नवं भागीदारीपत्र करत असाल, किंवा संबंध चांगले असताना जुनं दुरुस्त करत असाल, तर एवढा मजकूर पुरतो:

“या भागीदारीतून, तिच्या हिशेबातून, भागीदाराच्या निवृत्तीतून, मृत्यूतून किंवा फर्मच्या विसर्जनातून उद्भवणारा कोणताही वाद लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ नुसार एकमेव लवादाकडे सोपवला जाईल व त्याचा निवाडा सर्व भागीदारांवर आणि त्यांच्या कायदेशीर वारसांवर बंधनकारक राहील. लवादाची नेमणूक सर्व भागीदारांच्या लेखी संमतीने होईल. लवादाचे कायदेशीर स्थळ … असेल आणि कामकाजाची भाषा मराठी असेल.”

निवृत्ती, मृत्यू आणि विसर्जन हे तीन शब्द मुद्दाम घातले आहेत. फर्म संपली म्हणजे कलमही संपलं, हा बचाव हमखास येतो. कायद्याच्या दृष्टीने लवादाचं कलम हा स्वतंत्र करार असतो आणि भागीदाराच्या मृत्यूनेही तो संपत नाही (लवाद अधिनियम, कलम ४०). तरी शब्दांत लिहिलेलं असलं की त्यावर महिने वाया जात नाहीत.

कलमच नसेल तर? वाद उद्भवल्यावरही लेखी करार करून लवादाकडे जाता येतं. पत्रांची किंवा ईमेलची देवाणघेवाण झाली असेल आणि तीत दोघांचीही संमती स्पष्ट दिसत असेल, तर कलम ७ खाली तीही चालते. मात्र समोरचा आता सही करणार नसेल तर दिवाणी न्यायालयाला पर्याय नाही.

आणखी दोन शंका नेहमी पुढे येतात. भागीदारीपत्रावर पुरेसा मुद्रांक नाही, मग? डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की त्यामुळे लवादाचा करार रद्दबातल ठरत नाही. दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, पण मुद्रांक शुल्क आणि दंड भरल्याशिवाय तो कागद पुराव्यात घेता येत नाही. तेव्हा ते आधीच भरून टाका. दुसरी शंका फर्मची नोंदणी नसण्याची. भागीदारी अधिनियमाचं कलम ६९ नोंदणी नसलेल्या फर्मला व तिच्या भागीदारांना दावा लावण्यापासून अडवतं, पण विसर्जनाची मागणी आणि विसर्जित फर्मचा हिशेब यांना त्यातून सूट आहे. शिवाय उमेश गोयल प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी लवादाच्या कामकाजाला लागू नाही असं म्हटलं. तरीही विरोधी वकील हा मुद्दा उकरून काढतातच. नोंदणी करून घ्यायला उशीर झालेला नसेल तर करून घ्या.

तुम्हाला नेमकं काय हवंय?

हा प्रश्न वकिलाकडे जाण्याआधी स्वतःला विचारायचा आहे. चालू फर्मचा हिशेब हवाय, फर्ममधून बाहेर पडायचंय, समोरच्याने बाहेर पडायला हवंय, की फर्मच बंद करायची आहे? चारही मागण्यांचे मार्ग वेगळे आहेत. भागीदाराला काढून टाकणं सर्वांत अवघड. करारात तसा अधिकार दिलेला नसेल तर बहुमतानेही ते करता येत नाही, आणि अधिकार असला तरी तो सद्भावनेने वापरावा लागतो (भागीदारी अधिनियम, कलम ३३). रागाच्या भरात ‘उद्यापासून तू भागीदार नाहीस’ असा मेसेज पाठवणारा स्वतःचीच बाजू कमकुवत करतो.

फर्म ‘इच्छाधीन’ असेल, म्हणजे करारात मुदत ठरलेली नसेल, तर लेखी नोटीस देऊन ती विसर्जित करता येते (भागीदारी अधिनियम, कलम ४३). हे सोपं दिसतं म्हणून घाई करू नका. त्या तारखेपासून हिशेब मागण्याच्या मुदतीचं घड्याळ सुरू होतं. चालू कामं, भाडेकरार, कामगार यांची जबाबदारी दोघांच्याही डोक्यावर तशीच राहते. मुदतीच्या फर्ममध्ये न्याय्य आणि उचित कारणासाठी विसर्जन मागता येतं. तो अधिकार कायद्यात न्यायालयाला दिलेला असला तरी लवादाचं कलम पुरेसं व्यापक असेल तर लवादही तो प्रश्न ठरवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने व्ही. एच. पटेल प्रकरणात (२०००) म्हटलं आहे.

समोरच्याने पैसे खाल्ले असा आरोप असेल तर तो लवादाकडे चालतो का? ए. अय्यासामी प्रकरण (२०१६) एका कुटुंबाच्या हॉटेल-भागीदारीचं होतं. हिशेबातल्या फसवणुकीचे साधे, आपसातले आरोप लवादाला तपासता येतात, असं तिथे ठरलं. फौजदारी तक्रार हा वेगळा मार्ग आहे आणि खरी अफरातफर असेल तर तो वापरायलाच हवा. पण केवळ दबाव आणण्यासाठी पोलिसांत गेलात तर तडजोडीचा दरवाजा बहुधा कायमचा बंद होतो.

वह्या आणि बँक : पहिला महिना

फर्मच्या वह्या पाहण्याचा, तपासण्याचा आणि त्यांची प्रत घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे (भागीदारी अधिनियम, कलम १२). भांडवल कमी घातलं असलं तरी आणि दुकानात रोज बसत नसलात तरीही. हा हक्क लेखी मागणी करून वापरा: अमुक तारखेला, अमुक वाजता, माझ्या सीएसह येऊन प्रती घेईन. नकार आला तर तो नकारच पुढे तुमचा पुरावा होतो. गुपचूप संगणक उचलून नेणं, कुलपं बदलणं, कागद घरी नेऊन ठेवणं यातलं काहीही करू नका. लवाद तुमच्याकडे ज्या नजरेने पाहणार आहे, ती नजर अशा एका कृतीने बदलते.

जमवायचे कागद असे: मूळ भागीदारीपत्र आणि सगळी पुरवणीपत्रं, प्रत्येक भागीदाराचं भांडवल खातं आणि उचल खातं, गेल्या काही वर्षांचे ताळेबंद व नफा-तोटा पत्रकं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा तारखेसह बॅकअप, फर्मच्या सगळ्या बँक खात्यांचे उतारे, जीएसटी व आयकर विवरणपत्रं, मालसाठ्याची यादी, येणी-देणी आणि चालू कंत्राटं. यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे समोरच्याने सही केलेला शेवटचा ताळेबंद. तिथपर्यंतचा हिशेब दोघांना मान्य होता असं त्यातून दिसतं. वादाचा कालखंड मग आपोआप आखूड होतो.

बँकेला पत्र द्या: भागीदारांत वाद असल्याने यापुढे खातं संयुक्त सह्यांनीच चालवावं. फर्मच्या कर्जाला तुमची वैयक्तिक हमी असेल तर तिचे कागदही काढून ठेवा. या हमीचा विषय लेखाच्या शेवटी पुन्हा येईल.

मालमत्ता विकली जाण्याची किंवा खातं रिकामं होण्याची खरी भीती असेल तर लवाद नेमला जाण्याआधीच न्यायालयाकडे लवाद अधिनियमाच्या कलम ९ खाली अंतरिम आदेश मागता येतो: मनाई, वह्यांची जपणूक, गरज पडली तर रिसीव्हर (मालमत्ता सांभाळायला नेमलेला माणूस). पण हा आदेश मिळाला की ९० दिवसांत लवादाची प्रक्रिया सुरू करावी लागते. आदेश खिशात घालून स्वस्थ बसता येत नाही. लवाद नेमला गेल्यावर असे अर्ज सामान्यतः त्याच्याचपुढे कलम १७ खाली करायचे.

उलट, करारात लवादाचं कलम असूनही समोरच्याने दिवाणी दावा लावला तर? मग कलम ८ खाली अर्ज द्या, आणि तोही मूळ वादावर तुमचं पहिलं म्हणणं दाखल करण्याच्या वेळेपर्यंतच. आधी पूर्ण कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊन नंतर लवादाची आठवण काढणाऱ्याला उशीर झालेला असतो.

नोटीस

कलम २१ प्रमाणे, वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी समोरच्याला मिळते त्या दिवशी प्रक्रिया सुरू झाली असं धरलं जातं. मुदतीची मोजणी याच तारखेपर्यंत होते, म्हणून पोचपावती जपून ठेवा. स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही वापरा. भागीदार दोनपेक्षा जास्त असतील तर नोटीस प्रत्येकाला स्वतंत्र पाठवा.

नोटिशीत भागीदारीपत्राची तारीख, लवादाचं कलम जसंच्या तसं, वादाचं थोडक्यात वर्णन, मागण्या आणि अंदाजे रक्कम, सुचवलेल्या लवादांची दोन-तीन नावं आणि उत्तरासाठी ३० दिवस द्या. जुनी उणीदुणी गाळा. ही नोटीस पुढे लवाद वाचणार आहे आणि तुमच्याविषयीचं त्याचं पहिलं मत तिच्यातूनच बनणार आहे.

मुदतीचा कायदा लवादालाही लागू आहे (लवाद अधिनियम, कलम ४३). विसर्जित फर्मचा हिशेब मागण्याची मुदत विसर्जनाच्या तारखेपासून तीन वर्षं. ‘बोलणी चालू होती’ म्हणून ती वाढत नाही. नात्यातल्या भागीदारांची या एका गोष्टीत वारंवार फसगत होते. घरची बैठक, पुढच्या सणानंतर बघू, मुलीचं लग्न होऊ दे, असं म्हणता म्हणता तीन वर्षं सरतात आणि खरा हक्कही हातचा जातो. बोलणी जरूर करा, पण नोटीस देऊन करा.

लवाद कोण असावा

लवादांची संख्या विषम हवी, ठरलेली नसेल तर एकच लवाद. भागीदारांच्या बहुतेक वादांत एकच पुरतो. तिघांचं मंडळ म्हणजे तिप्पट मानधन आणि तिघांच्या तारखा जुळवण्याची कसरत.

काही भागीदारीपत्रांत ‘वरिष्ठ भागीदार नेमील तो लवाद’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. निकालात ज्याचं हित गुंतलं आहे त्याने एकतर्फी एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात (२०१९) सांगितलं आहे. फर्मचा सीए, एका बाजूचा वकील, भागीदाराचा जवळचा नातेवाईक हे सगळे सातव्या अनुसूचीमुळे अपात्र ठरू शकतात. दोघांचाही ज्याच्यावर विश्वास आहे असा घरातला वडीलधारा हवाच असेल, तर वाद उद्भवल्यानंतर दोघांनीही लेखी आणि स्पष्ट शब्दांत ती हरकत सोडून द्यावी लागते. अशा व्यक्तीला मध्यस्थ म्हणून बसवावं आणि लवाद त्रयस्थ ठेवावा, असं माझं मत. मध्यस्थी फसली तर नातं टिकू शकतं, पण निवाडा विरुद्ध गेला की वडीलधारा माणूसही गमावला जातो.

वाद मुख्यतः आकड्यांचा असेल तर लवादाचा अनुभव असलेला ज्येष्ठ सीए चांगला. कराराचा अर्थ, विसर्जन, वारसांचे हक्क असे प्रश्न गुंतले असतील तर निवृत्त न्यायाधीश किंवा ज्येष्ठ वकील नेमावा आणि हिशेबासाठी त्याने कलम २६ खाली तज्ज्ञ घ्यावा. लवादाने कुणाशी काय संबंध आहेत ते लेखी जाहीर करायचं असतं. ते जाहीरपत्र नीट वाचा.

३० दिवसांत एकमत झालं नाही तर उच्च न्यायालयात कलम ११ खाली अर्ज. मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनसारख्या संस्थेचे नियम करारात घेतलेले असतील तर नेमणूक संस्था करते.

मानधनाचा अंदाज कायद्याच्या चौथ्या अनुसूचीवरून येतो. वादातली रक्कम ४० लाख असेल तर २० लाखांपर्यंतचे ९७,५०० रुपये आणि वरच्या २० लाखांवर ३ टक्के म्हणजे ६०,०००, एकूण १,५७,५०० रुपये. लवाद एकच असेल तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे १,९६,८७५. तीन लवाद असतील तर १,५७,५०० प्रत्येकाला. हा तक्ता नमुना म्हणून आहे. दोन्ही पक्ष आणि लवाद मिळून वेगळा आकडा ठरवू शकतात, मात्र तो सुरुवातीलाच आणि लेखी ठरवावा. प्रतिदाव्याचं मानधन वेगळं मोजलं जातं हेही ध्यानात असू द्या. समोरच्याने आपल्या वाट्याची रक्कम भरली नाही तर काम थांबू नये म्हणून ती तुम्ही भरू शकता आणि पुढे खर्चात मागू शकता.

पहिल्या बैठकीत मागायच्या गोष्टी

या बैठकीला वकिलाबरोबर स्वतः हजर राहा. कामकाजाची भाषा इथे पक्की होते. वह्या आणि साक्षीदार मराठी असतील तर मराठीचाच आग्रह धरा, कलम २२ तशी मोकळीक देतं आणि भाषांतराचा खर्च वाचतो. तारखांचं वेळापत्रक, कागदांची देवाणघेवाण, हिशेबतज्ज्ञाची नेमणूक आणि चालू धंदा मधल्या काळात कोण कसा चालवणार, हे सगळं त्याच दिवशी लिहून घ्या. चालू धंद्याचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि वर्षभरात गिऱ्हाईक तुटून जातं. मग वाटून घ्यायला फारसं काही उरत नाही.

दावा आणि कैफियत लवादाच्या नेमणुकीपासून सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवी, आणि त्यानंतर बारा महिन्यांत निवाडा. दोघांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात, त्यापुढे न्यायालयाची परवानगी. दोन्ही बाजूंना घाई असेल तर लेखी संमतीने जलद प्रक्रिया निवडता येते (कलम २९ब). ती मुख्यतः कागदांवर चालते आणि सहा महिन्यांत संपायची असते.

लवादाच्या अधिकारावरच हरकत असेल तर ती कैफियत देण्यापूर्वी किंवा फार तर तिच्यासोबत घ्या. आणि बोलावूनही न येणाऱ्या भागीदारासाठी काम थांबत नाही. हाती असलेल्या पुराव्यावर निवाडा देता येतो.

हिशेब मांडताना

दाव्याचा गाभा एका तक्त्यात बसला पाहिजे: प्रत्येक भागीदाराचं सुरुवातीचं भांडवल, नंतर घातलेली रक्कम, नफ्यातला वाटा, उचल आणि निघणारी बाकी. करारात वाटा लिहिलेला नसेल तर कायदा नफा-तोटा समान धरतो. भागीदाराला कामाचा पगार मिळत नाही, आणि भांडवलापलीकडे दिलेल्या रकमेवर सालाना ६ टक्के व्याज मिळतं. ‘मी जास्त राबलो’ ही तक्रार कितीही खरी असली तरी पगाराचं कलम नसेल तर तिचे पैसे होत नाहीत. हे ऐकायला कठोर वाटतं, पण आधी समजलं तर दावा वास्तवात राहतो.

विसर्जनानंतर वाटपाचा क्रम भागीदारी अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये आहे. आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जं, मग भांडवल, आणि उरलेलं नफ्याच्या प्रमाणात. तोटा असेल तर आधी नफ्यातून, मग भांडवलातून, आणि शेवटी भागीदारांच्या खिशातून.

खरी झुंज तीन जागी होते. रोखीची विक्री वहीत नसेल तर खरेदी, मालाची आवक, वीजबिलं, जीएसटी आणि मागच्या वर्षांचं नफ्याचं प्रमाण यांवरून ती मांडावी लागते. मात्र रोख व्यवहार तुम्हालाही माहीत होते का, हा प्रश्न उलटतपासणीत येणारच. मालसाठ्याची किंमत कोणत्या तारखेची धरायची, ही दुसरी जागा. तिसरी म्हणजे गुडविल. फर्मचं नाव, जागा आणि गिऱ्हाईक ज्याच्याकडे राहणार त्याने दुसऱ्याला त्याची किंमत द्यायला हवी, आणि बाहेर पडणारे भागीदार ती मागायला सर्रास विसरतात. शिवाय तुम्ही बाहेर पडलात, हिशेब मिटला नाही आणि उरलेल्यांनी तुमच्या पैशावर धंदा चालूच ठेवला, तर त्या काळातला नफ्यातला वाटा किंवा ६ टक्के व्याज यांपैकी जे हवं ते निवडता येतं (भागीदारी अधिनियम, कलम ३७). हे दाव्यात स्पष्ट लिहा.

तज्ज्ञाचा अहवाल आला की आकडे दोघांसमोर असतात आणि तडजोडीची सर्वांत चांगली संधी तिथेच असते. त्या आठवड्यात बोला. तडजोड झाली तर ती साध्या कागदावर ठेवू नका. लवाद अधिनियमाच्या कलम ३० खाली संमतीचा निवाडा मागा, त्याला इतर निवाड्याइतकंच बळ असतं.

निवाडा हातात आल्यावर

निवाडा लेखी आणि लवादाच्या सहीचा हवा, त्यात कारणं, तारीख आणि स्थळ हवं. सहीची प्रत मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. आकडेमोडीची किंवा टंकलेखनाची चूक असेल तर ३० दिवसांत लवादाकडेच दुरुस्ती मागा. निवाडा रद्द करण्याचा कलम ३४ चा अर्ज तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवसांत, त्यापुढे एक दिवसही नाही. हे अपील नव्हे. न्यायालय पुरावा पुन्हा तोलत नाही. संधी न मिळणं, अधिकाराबाहेरचा निवाडा, सार्वजनिक धोरणाचा भंग अशी मोजकी कारणं पाहतं. एप्रिल २०२५ मधल्या गायत्री बालासामी निकालानुसार काही मर्यादित बाबतींत न्यायालय निवाड्यात बदलही करू शकतं.

अर्ज दाखल झाला म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, २०१५ पासून स्थगिती वेगळी मागावी लागते. पैसे आले नाहीत तर निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच, दरखास्त लावून होते.

आता बँकेची हमी. निवाडा फक्त भागीदारांना बांधतो. ‘यापुढची सगळी देणी अमुक भागीदार फेडील’ असं त्यात लिहिलेलं असलं तरी बँक तुमच्या मागे येऊ शकते, कारण ती या प्रक्रियेत पक्षच नव्हती. म्हणून लवादाकडे मागण्या मांडतानाच अशी मागणी करा की फर्म ठेवणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत कर्ज स्वतःच्या नावावर करून तुमची हमी सोडवून द्यावी, आणि तोवर तुमच्या नुकसानीची भरपाई त्याने द्यावी. निवृत्तीची किंवा विसर्जनाची जाहीर सूचनाही काढा: नोंदणीकृत फर्म असेल तर भागीदारी संस्था निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात. ती निघेपर्यंत जुन्या भागीदाराने फर्मच्या नावावर उचललेल्या मालाची उधारी तुमच्या दारात येऊ शकते. त्याच आठवड्यात जीएसटी नोंदणीतून नाव कमी करा, बँकेतल्या सह्या रद्द करा आणि हमी सुटल्याचं बँकेचं पत्र लेखी मिळवा.